उंच डोंगर, हळू पाऊल

अजिंक्यतारा कुणाला माहीत नाही? सातारा शहराच्या डोक्यावरच तो उभा आहे. सांगलीकडची मंडळी दंडोबाच्या डोंगरावर जातात. आपल्याकडच्या माणसाला डोंगर नवा नाही. कुणी गुरे घेऊन चढतो, कुणी सरपणाला जातो, कुणी देवाला जातो. पाय बळकट असले की झाले, असे आपण म्हणतो.

पण काही डोंगर असे आहेत की तिथे नुसत्या पायाच्या बळावर भागत नाही. अशाच एका डोंगराची माहिती आम्ही आज सांगणार आहोत. हा डोंगर आफ्रिकेत आहे. त्याचे नाव किलिमांजारो.

"गुरुजी, आफ्रिकेच्या डोंगराचं आम्हाला काय वो?" असे वर्गातल्या एका आजोबांनी आम्हाला विचारले. त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही शेवटी देऊ. एवढे मात्र आताच सांगतो. ही माहिती नीट ध्यानात ठेवली, तर एखादे दिवशी आपल्याच घरातल्या माणसाचा जीव वाचेल.

साताऱ्याची लेक

आधी आपल्या मातीतले एक नाव सांगतो. प्रियांका मोहिते या साताऱ्याच्या. शाळकरी वयातच त्यांना सह्याद्रीचे कडे चढायची गोडी लागली. पुढे त्या हिमालयात गेल्या. २०१३ साली त्यांनी एव्हरेस्ट शिखर गाठले. २०१६ साली त्या आफ्रिकेत जाऊन किलिमांजारो चढल्या. २०२१ साली अन्नपूर्णा शिखरावर पोहोचल्या. त्या शिखरावर पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२२ साली त्यांनी कांचनगंगा सर केले. आठ हजार मीटरच्या वरची, म्हणजे सव्वीस हजार फुटांहून उंच अशी पाच शिखरे चढणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव झाले.

आज सातारा-सांगलीकडची आणखीही मुले-मुली अशा डोंगरांवर जाऊ लागली आहेत. ती काय करतात, त्यांना काय सोसावे लागते, हे घरच्यांना ठाऊक असलेले बरे.

हा डोंगर केवढा?

डोंगराची उंची समुद्राच्या पाण्यापासून मोजतात. अजिंक्यतारा समुद्रापासून सुमारे ३,३०० फूट उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर म्हणजे कळसूबाई. ते ५,४०० फूट आहे. किलिमांजारो आहे १९,३४१ फूट! म्हणजे जवळजवळ सहा अजिंक्यतारे एकावर एक ठेवावेत, तेव्हा त्याची बरोबरी होईल. सगळ्या आफ्रिका खंडात याहून उंच डोंगर नाही.

हा डोंगर टांझानिया नावाच्या देशात आहे. तो मुळात ज्वालामुखी. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस वर आला, थिजला, त्यावर पुन्हा रस आला, असा थरावर थर चढून तो तयार झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही असाच रस थिजून झालेला आहे. म्हणजे दगडाच्या नात्याने हे दोन्ही डोंगर लांबचे भाऊबंदच म्हणायचे.

किलिमांजारोला तीन शिखरे आहेत. शिरा, मावेन्झी आणि किबो. त्यांत किबो सर्वांत उंच. किबोच्या माथ्याला 'उहुरू' म्हणतात. तिथल्या स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. १९६१ साली तो देश स्वतंत्र झाला, तेव्हा या माथ्यावर मशाल पेटवली होती. त्यावरून हे नाव पडले.

आफ्रिकेत बर्फ कसा?

आफ्रिका म्हणजे उन्हाचा मुलूख असे आपण ऐकतो. मग तिथे बर्फ कसा?

वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलात, की अंगावर शाल घ्यावीशी वाटते. तासाभराचा तर रस्ता, पण हवा बदलते. जसजसे उंच जावे, तसतशी थंडी वाढते. साधारण हजार फूट चढले की ऊन-थंडीचा काटा दोन अंशांनी खाली येतो. मग एकोणीस हजार फुटांवर बर्फ असला तर नवल ते काय?

पण हा बर्फ आता फार उरलेला नाही. १९१२ साली तिथे जेवढा बर्फ होता, त्याच्या पाच भागांपैकी चारांहून जास्त भाग वितळून गेले आहेत. आता चढणाऱ्याला वाटेत मुख्यतः माती, खडी आणि दगड लागतात. बर्फ दिसतो तो माथ्याजवळ, भिंतीसारखा उभा.

पायथ्याची माणसे

डोंगराच्या पायथ्याला मोशी नावाचे गाव आहे. त्याच्या वरच्या उतारावर चग्गा नावाचे लोक राहतात. ते शेतकरी आहेत. केळी आणि कॉफी ही त्यांची मोठी पिके. केळीच्या सावलीत कॉफी, खाली भाजीपाला, घराशेजारी गोठा, अशी त्यांची बाग असते. डोंगरातले झऱ्याचे पाणी त्यांनी पूर्वीपासून पाट काढून शेतात आणले आहे. आपल्या माणसाने ती बाग पाहिली, तर तो हातात माती घेऊन पाहील आणि म्हणेल, "व्हय, हे आपल्यासारखंच आहे की!"

त्यांचे शब्दही ऐका. चहाला ते 'चाय' म्हणतात. चपातीला 'चपाती'च म्हणतात. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका' आणि बर्फाला 'बराफू'. पूर्वीच्या काळी अरबस्तान, इराण, हिंदुस्थान आणि आफ्रिका यांच्यात शिडाच्या गलबतांनी व्यापार चाले. मालाबरोबर शब्दही इकडून तिकडे गेले.

मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करून ते खातात. त्याला 'उगाली' म्हणतात. बोटांनी तोडून कालवणात बुडवून खायचा.

विरळ हवा म्हणजे काय?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. या डोंगरावर माणूस दमतो तो चढणीमुळे कमी, हवेमुळे जास्त.

कडब्याची गंजी डोळ्यांपुढे आणा. तळच्या पेंढ्यांवर वरचे सगळे ओझे असते. म्हणून त्या दबून घट्ट होतात. वरच्या पेंढ्या सैल असतात. हवेचेही तसेच आहे. हवेलाही वजन असते. समुद्राकाठी, सपाटीला, वरच्या हवेचा भार असतो. म्हणून तिथली हवा दाट. उंच डोंगरावर वरचा भार कमी. म्हणून तिथली हवा सैल, म्हणजे विरळ.

हवेत प्राणवायू असतो. आपण श्वास घेतो तो त्याच्यासाठी. किलिमांजारोच्या माथ्यावर एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, तो समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्माच असतो. भूक दोन भाकरींची आणि ताटात एकच भाकरी, असा प्रकार होतो.

मग शरीर काय करते? ते भराभर श्वास घेऊ लागते. काळीज जोराने धडधडते. काही दिवसांनी रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी वाढू लागतात. असे करता करता शरीराला त्या हवेची सवय होते. पण या सवयीला दिवस लागतात. नवा खोंड आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मोकळे जू खांद्यावर ठेवतो, मग हलके काम देतो. शरीराचेही तसेच आहे.

पैलवान का दमतो?

एखादा म्हणेल, "आमचा गडी तालमीतला आहे. रोज पाचशे बैठका मारतो. त्याला काय होणार?"

इथेच चूक होते. विरळ हवा पैलवान पाहत नाही की किडकिडा पाहत नाही. साताऱ्याला दरवर्षी यवतेश्वरच्या घाटात धावण्याची मोठी शर्यत होते. त्या शर्यतीत पुढे असणाऱ्या माणसालाही उंचीवरचे दुखणे होऊ शकते. उलट तरण्याबांड माणसाला धोका अधिक असतो. कारण त्याला आपल्या बळाचा भरवसा असतो. तो भराभर चढून जातो. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

म्हणून किलिमांजारोवरचे वाटाडे दिवसभर दोनच शब्द बोलत असतात. "पोले पोले." म्हणजे हळू हळू. इतके हळू, की चालता चालता शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर समजावे, आपण घाई करतो आहोत.

वारीत चालणारी म्हातारी माणसे पाहा. ती पळत नाहीत. तरणी पोरे पुढे पळतात आणि झाडाखाली बसतात. म्हातारी माणसे एका चालीने येतात आणि मुक्कामाला वेळेवर पोहोचतात. ही चाल आपल्याला ठाऊक आहे. डोंगरावर तीच कामाला येते.

सात दिवसांची चाल

या डोंगरावर जायच्या वाटा अनेक आहेत. एका वाटेवर लाकडी खोल्या आहेत, तिला मारांगू वाट म्हणतात. दुसऱ्या वाटांवर तंबूत राहावे लागते. त्यांतली माचामे नावाची वाट पुष्कळ लोक घेतात. तिची चाल आम्ही सांगतो. सगळी उंची समुद्रापासूनची आहे.

पहिला दिवस: वाट सुरू होते सुमारे ६,००० फुटांवर. म्हणजे आरंभच कळसूबाईच्या वर होतो! सगळे दाट जंगल. चिखल असतो, पाऊस भेटतो. झाडांवर काळी-पांढरी, झुपकेदार शेपटीची वानरे दिसतात. मुक्काम सुमारे १०,००० फुटांवर.

दुसरा दिवस: मोठी झाडे संपतात, झुडपे लागतात. मुक्काम शिरा पठारावर, सुमारे १२,६०० फुटांवर. कासच्या पठारासारखे मोकळे रान, पण फार गार. इथे पुष्कळांचे डोके दुखू लागते, भूक मंदावते.

तिसरा दिवस: हा दिवस मोठा मौजेचा. सकाळी चढून १५,००० फुटांच्या वर जायचे. तिथे थिजलेल्या रसाचा एक उंच सुळका आहे. आणि दुपारी पुन्हा उतरून १३,००० फुटांवर मुक्काम करायचा. नवखा माणूस म्हणतो, "चढलेलं उतरायचं कशाला?" पण यातच सगळे मर्म आहे. दिवसा उंच चढावे, रात्री खाली झोपावे. दिवसा शरीराला विरळ हवेची ओळख होते, रात्री त्याला जरा दाट हवेत विसावा मिळतो. या वाटेवर माणसापेक्षा उंच, खांबासारखी विचित्र झाडे दिसतात. काही जागी लोबेलियाचे उंच तुरे उभे असतात. आपल्या महाबळेश्वरकडची रानतंबाखू याच कुळातली.

चौथा दिवस: सकाळीच एक उभा कातळ चढावा लागतो. दोर लागत नाही, पण हातांचा आधार घ्यावा लागतो. मुक्काम पुन्हा १३,००० फुटांच्या आसपासच. एका दिवसात फारशी उंची वाढवली नाही, हे ध्यानात घ्या.

पाचवा दिवस: चालून १५,३०० फुटांवर जायचे. झाड नाही, गवत नाही. दगड आणि वारा. या मुक्कामाचे नाव 'बराफू', म्हणजे बर्फ. संध्याकाळी लवकर जेवून पडायचे. झोप कुणालाच धड लागत नाही.

सहाव्या दिवशी माथा गाठून खूप खाली उतरायचे. सातव्या दिवशी जंगलातून बाहेर यायचे.

काही जण पैसे वाचवावेत म्हणून हीच वाट पाच-सहा दिवसांत उरकायला पाहतात. ही काटकसर महागात पडते. दिवस जितके जास्त, तितका धोका कमी आणि माथ्यावर पोहोचण्याची आशा जास्त.

ओझे कोण वाहते?

तिथल्या सरकारचा नियम असा, की वाटाड्याशिवाय कुणी डोंगर चढायचा नाही. वाटाड्याबरोबर ओझेवाले असतात. तंबू, शिधा, भांडी, पाहुण्यांचे कपडे, सगळे तेच वाहतात. एका पाहुण्यामागे तीन-चार ओझेवाले लागतात. डोक्यावर किंवा मानेवर साधारण वीस किलोपर्यंत ओझे घेऊन ते पाहुण्यांच्या पुढे जातात. पाहुणे पोहोचतात तेव्हा तंबू उभा असतो आणि चहाचे पाणी उकळत असते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या घामाची किंमत आपल्याला ठाऊक आहे. किलिमांजारोचे ओझेवालेही असेच कष्टकरी. त्यांच्या अंगावर पुरते गरम कपडे आहेत का, त्यांना दोन वेळचे पोटभर मिळते का, मजुरी पुरी मिळते का, हे चांगला पाहुणा पाहतो. माथ्यावर फोटो एकाचा निघतो. पण त्याला तिथे नेणारे हात पुष्कळ असतात.

शेवटची रात्र

आता सगळ्यांत अवघड भाग. माथ्याकडे निघायचे ते मध्यरात्री. मध्यरात्रीच का? एक तर रात्रीच्या थंडीत मोकळी खडी गोठून जरा घट्ट असते. दुसरे, सूर्योदयाच्या सुमारास माथ्यावर पोहोचले, की उतरायला सगळा दिवस उजेडाचा मिळतो.

डोक्याला दिवा बांधलेला. पुढच्या माणसाच्या टाचेवर नजर. काळोखात दिव्यांची रांग नागमोडी वर सरकत असते, जशी रात्रीची दिंडी. थंडी शून्याखाली दहा ते वीस अंश. वारा असला तर ती आणखी झोंबते. बाटलीतले पाणी गोठते. म्हणून बाटली उलटी ठेवतात. पाणी वरून गोठत येते, त्यामुळे बाटली उलटी असली तर तोंड मोकळे राहते.

पाऊल टाकले की खडी सरकते. एक पाऊल वर, अर्धे खाली. एका पावलाला एक श्वास, कधी दोन श्वास. डोके जड होते. 'कशाला आलो?' असे दहा वेळा मनात येते. हे सगळ्यांनाच होते. त्यात लाज नाही.

अशी सहा-सात तासांची चाल झाली की ज्वालामुखीच्या तोंडाचा काठ लागतो. तांबडे फुटते. खाली ढगांचा समुद्र दिसतो. काठाने आणखी तासभर चालले की उहुरू. तिथे लाकडी पाटी आहे. पाटीजवळ दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, फोटो काढायचा आणि उतरायला लागायचे. फार वेळ बसायचे नाही.

उतरताना जपावे. सगळी रात्र चालून दमलेले पाय, सरकती खडी आणि संपलेले लक्ष. चढताना छाती दमते, उतरताना गुडघे. पण एक गंमत होते. जसजसे खाली यावे, तसतसे डोके हलके होते. भूक लागते. हवा दाट होत जाते ना!

केव्हा मागे फिरावे?

हा भाग दोनदा वाचा.

उंचीवर गेल्यावर थोडे डोके दुखणे, भूक कमी होणे, झोप न लागणे, मळमळणे, हे पुष्कळांना होते. असे झाले तर वर जायचे नाही. तिथेच थांबायचे. पाणी प्यायचे, विसावा घ्यायचा. बरे वाटले तरच पुढे. दुखणे वाढले, तर खाली यायचे.

पण पुढची लक्षणे दिसली, तर क्षणभरही थांबू नये.

बसल्या जागी दम लागतो. खोकला येतो, त्यातून फेस किंवा तांबूस बेडका पडतो. ओठ निळे पडतात. याचा अर्थ फुप्फुसात पाणी झाले.

दारू न पिता माणूस झोकांड्या खातो. सरळ रेषेत चालता येत नाही. असंबद्ध बोलतो, ओळख विसरतो, गुंगीत जातो. याचा अर्थ मेंदूला सूज आली.

दोन्हींत माणूस काही तासांत दगावू शकतो. दोन्हींवर पहिला उपाय एकच. खाली उतरवणे. रात्र असो, पाऊस असो, सकाळची वाट पाहायची नाही. एकट्याला धाडायचे नाही. बरोबर माणूस द्यायचा. प्राणवायूची नळकांडी, औषधे हे सगळे आहे. पण ते उतरण्याच्या जोडीला, उतरण्याच्या ऐवजी नव्हे. किलिमांजारोवर अशा माणसाला खाली न्यायला एका चाकाची झोळी ठेवलेली असते.

करोनाच्या साथीत बोटाला लावायचे छोटे यंत्र आपण सगळ्यांनी पाहिले. तेच यंत्र वाटाडे रोज पाहुण्यांच्या बोटाला लावतात. पण आकड्यापेक्षाही माणसाचे बोलणे आणि चालणे पाहावे. आणि पाहुण्याने आपले दुखणे लपवू नये. "मागे फिरलो तर गावात काय म्हणतील?" या एका विचाराने चांगली चांगली माणसे जिवाला मुकली आहेत. डोंगर उद्याही तिथेच असतो. माथा अर्धी वाट असते. घर गाठले म्हणजे वाट पुरी झाली.

आता आजोबांचे उत्तर

आफ्रिकेच्या डोंगराचे आपल्याला काय, असे आजोबांनी विचारले होते.

आजोबा, तुम्ही केदारनाथाला जायचे म्हणता ना? केदारनाथ आहे ११,७०० फुटांच्या वर. अमरनाथाची गुहा १२,७०० फुटांच्या वर. विरळ हवेचा त्रास आठ हजार फुटांपासून पुढे होऊ लागतो. केदारनाथाला गौरीकुंडापासून चढायचे. गौरीकुंड आहे ६,५०० फुटांवर. म्हणजे एका दिवसात पाच हजार फुटांची चढण! घोड्यावर बसून गेले म्हणून हवा दाट होत नाही. हेलिकॉप्टरने गेले तर शरीराला सवय व्हायला तेवढाही वेळ मिळत नाही. या यात्रांमध्ये दरसाल काही यात्रेकरू दगावतात. त्यांत काळजाचे दुखणे आणि श्वास, ही मोठी कारणे. देवाच्या दारी घाई कशाला? वाटेत एक-दोन दिवस मुक्काम करावा. आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब, साखर, दमा, काळजाचे दुखणे असलेल्यांनी तर विचारलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या जवानांची. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांतले पोरगे लडाखला, सियाचीनला पहाऱ्यावर आहेत. १९६२ च्या लढाईत सपाटीवरचे जवान घाईने उंच हिमालयात न्यावे लागले. गोळी न लागता, नुसत्या हवेनेच पुष्कळ जण आजारी पडले. मग फौजेतल्या डॉक्टरांनी या दुखण्याचा कसून अभ्यास केला. त्यांच्या लिखाणाचा पुढे जगालाही उपयोग झाला.

आज फौजेत नियम आहे. नऊ ते बारा हजार फुटांवर जवानाला आधी सहा दिवस ठेवतात. बारा ते पंधरा हजारांवर आणखी चार दिवस. त्याहून वर जायचे तर पुन्हा चार दिवस. रजेवरून परत गेलेल्या जवानालाही पुन्हा सवय करून घ्यावी लागते. कारण घरी राहिले की ही सवय मोडते. तेव्हा रजा संपवून गेलेला मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आम्हाला अजून खालीच ठेवलंय," तर आईने काळजी करू नये. त्याचे शरीर वरच्या हवेसाठी तयार होत आहे, असे समजावे.

ध्यानात ठेवा

१. आठ हजार फुटांच्या वर जायचे असेल तर सावकाश जा. दहा हजारांच्या वर गेल्यावर रोजचा झोपायचा मुक्काम दीड हजार फुटांहून जास्त वाढवू नका. तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्या.

२. दिवसभर पाणी पीत राहा. भूक नसली तरी थोडे थोडे खा. दारू आणि विडी-सिगारेट वर्ज्य करा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

३. एक जाड कपडा घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घाला. आतला कपडा घामाने ओला झाला तर बदला. कानटोपी, हातमोजे, काळा चष्मा जवळ ठेवा. नवी वहाण चावते, हे आपण जाणतो. तसेच नवे बूटही चावतात. ते महिनाभर आधी घालून चाला.

४. उंचीच्या त्रासावर गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. डोकेदुखीची गोळी खाऊन, दुखणे झाकून वर चढू नका.

५. डोके दुखते तेव्हा थांबा. झोकांड्या जातात किंवा बसल्या जागी दम लागतो, तेव्हा लगेच खाली उतरा.

६. सोबत्याला मागे टाकू नका. जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालावे.

किलिमांजारोवरचा चग्गा वाटाड्या सांगतो, "पोले पोले." आपली आजी सांगते, "दमानं जा रं बाबा." शब्द वेगळे आहेत, सांगणे एकच आहे. डोंगर चढायचा तो घरी परत येण्यासाठी.